तैनाती फौज : पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

आपल्या काळेवाडीवरून वाहणारी पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. त्या दापोडीत दोनशे वर्षांपूर्वी एका पलटणीची छावणी होती. तिचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून निघे. अंमलदार मात्र इंग्रज, आणि त्यांचा मुख्य फोर्ड नावाचा गोरा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई जुंपली, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली व थेट इंग्रजांस जाऊन मिळाली. तिच्यावर चालून गेलेले पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित त्या दिवशी रणात पडले.

याला फितुरी म्हणून मोकळे होता येईल. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणतीही नोकरी पाहिली की पगार कोणाच्या खिशातून येतो आणि हुकूम कोणाचा चालतो, हे दोन प्रश्न आम्ही आधी विचारतो. ही दोन उत्तरे वेगळी आली, की समजावे, कोठेतरी कोणीतरी नाडला जाणार आहे.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह केला. कंपनीची निदान ६००० कवायती पायदळाची फौज कायम आपल्या राज्यात ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध वा बोलणी करायची नाहीत, अशी त्यातील मुख्य कलमे होती. निजामाने १७९८ साली असाच करार केला होता, आणि १८०० साली खर्चापोटी त्यालाही मुलूख द्यावा लागला. फौज कंपनीची, खर्च मात्र यजमानाचा!

ही फौज वापरली कोणावर? शेजाऱ्यांवर. १८०३ साली वेलस्ली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्यावर चालून गेला, तेव्हा निजामाच्या पैशावर पोसलेली तैनाती फौज स्टीव्हन्सनच्या हाताखाली त्याच मोहिमेत होती. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. वर्ष संपण्याच्या आत भोसले आणि शिंदे या दोघांनीही मुलूख देऊन तह केले. चौदा वर्षांनी पेशव्यांची पाळी आली.

आपली बाजू धुतल्या तांदळासारखी होती असे कोणी समजू नये. १७४२ पासून भोसल्यांच्या स्वारांनी बंगालची रयत लुटली, हेही खरेच. शिंद्यांची कवायती पलटणे द बॉइन आणि पेराँ या परदेशी सरदारांच्या हाती होती. १८०३ साली कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अंमलदारांना पेन्शनचे आमिष दाखविले, आणि ते निघून गेले. खुद्द पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. मागे राहिलेला साधा शिपाई मात्र १ नोव्हेंबरला लासवारीस असा लढला, की शत्रूच्या सेनापतीनेही त्याची तारीफ केली. वरचे सुरक्षित सुटले. मेला तो पोटासाठी बंदूक धरणारा.

हा धंदा संपलेला नाही. युक्रेनमध्ये २०१४ पासून वावरणारी 'वॅग्नर' ही खाजगी फौज आपली नव्हेच, असे रशियाचे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले. जून २०२३ मध्ये तीच फौज मॉस्कोच्या वाटेस लागली, तेव्हा अध्यक्ष पुतिन यांनी तिचा सारा खर्च सरकारी तिजोरीतून होत असल्याचे उघड सांगितले. मधल्या माणसाच्या नावावर फौज ठेवली, की शेजाऱ्यावर हल्ला करून कानावर हात ठेवता येतात, आणि मेलेल्याचा हिशोब कोणाला द्यावा लागत नाही. आपल्या कारखान्यांतील ठेकेदारी ज्याने पाहिली, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

शिवाय ही आग आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. मदतनिसाची, रखवालदाराची नोकरी सांगून दलालांनी भारतातील तरुण रशियास नेले आणि त्यांना थेट आघाडीवर उभे केले. २०२४ च्या मार्चमध्ये सीबीआयने त्याबद्दल गुन्हा नोंदविला. त्या तरुणांपैकी काही परत आलेच नाहीत. म्हणून आमचे सांगणे एवढेच : परदेशी नोकरीचा कागद घरात आला, तर पगाराचा आकडा मागाहून वाचा. दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे का, कागद आपल्याला कळणाऱ्या भाषेत आहे का, आणि तेथे गेल्यावर हुकूम कोणाचा पाळावा लागेल, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत पोराला पारपत्र कोणाच्या हाती देऊ देऊ नका.