खिडकीच्या खोल्या दोन

जनगणनेला आपल्याकडचा जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर. माणसं मोजायची तीसुद्धा उंबऱ्यावरून. १८८१च्या १७ फेब्रुवारीला हिंदुस्थानात अशी मोजणी झाली, आणि त्याच वर्षी ३ एप्रिलच्या रात्री स्कॉटलंडमध्ये. त्या रात्री जो ज्या छपराखाली निजला, तो त्या घरचा.

तिथल्या ॲबर्डीनशायरच्या खेड्यातल्या लोहाराचं घर गणनेच्या वहीत कसं दिसतं, त्याचा हा एक नमुना. कुटुंबप्रमुख, वय ४६, लोहार. बायको. तीन मुलं. एक नातू. एक कारागीर, एक शिकाऊ उमेदवार. आठ माणसं, आठ ओळी. शेवटच्या रकान्यात आकडा दोन, म्हणजे खिडकी असलेल्या खोल्या दोन.

हा खिडक्यांचा प्रश्न खास स्कॉटिश. १८६१पासून तिथली मोजणी लंडनऐवजी एडिंबरोहून होऊ लागली आणि हा रकाना आला. दोन खोल्यांच्या घराला तिथे ‘बट अँड बेन’ म्हणत: चुलीची खोली बट, आतली बेन. भिंतीलगत कपाटासारखे दारं लावलेले पलंग. दार ओढलं की ऊबही मिळाली आणि आडोसाही. आठजण कसे मावत, याचं निम्मं उत्तर त्या कपाटांत आहे.

नातवाचं आडनाव घरातल्या कुणाशी जुळत नाही. स्कॉटलंडच्या या ईशान्य भागात लग्नाआधीची मुलं पुष्कळ. पोरगी सहा-सहा महिन्यांच्या कराराने शेतांवर राबायला जाई आणि तान्हं आजीकडे वाढे. वही यावर काही बोलत नाही. फक्त ‘नातू’ लिहिते.

आधीच्या मोजण्यांकडे मागे गेलात तर सांभाळून. १८४१च्या वहीत नात्याचा रकानाच नाही, आणि पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं. लोहाराचा बाप ३८चा असला तरी लागतो ३५, आणि १८५१मध्ये खरं वय सांगून ४८. दहा वर्षांत तेरा वर्षांनी म्हातारा! घरोघरी वाटलेले मूळ कागद तर उरलेच नाहीत. उरली ती गणकाने केलेली नक्कल. हा गणक पुष्कळदा गावचा मास्तर असे.

धंद्याच्या रकान्यात एकच शब्द: लोहार. फार तर पुढे हाताखाली किती माणसं, ते. पण सुताराने केलेलं गाडीचं चाक शेजारच्या आवारातून आलं की अख्खं घर बाहेर पडायचं. चाक जमिनीवर आडवं घट्ट बांधायचं. लोखंडी धाव भट्टीत लाल करायची, तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची. लाकूड पेट घेतं, धूर डोळ्यांत जातो, आणि तेवढ्यात पाणी ओतायचं. धाव आकसते, आरे करकरत जागी बसतात. उशीर झाला तर चाक जळतं. धाव फार तोकडी झाली तर चाक पिळवटतं.

पाणी कोण ओतत असेल? घरात जो मोकळा असेल तो, बहुधा बायकोच. शिवाय आठजणांचं रांधणं, उमेदवाराचे कपडे, कोंबड्या. तिच्या ओळीत धंद्याचा रकाना कोरा, नाही तर ‘लोहाराची बायको’.

खाली दोन तिरप्या रेघा, घर संपलं. पुढचा आकडा सुताराच्या घराचा.