चोपडापूजन आणि नवी संगणकप्रणाली

विंडोज 11 ही प्रणाली 5 ऑक्टोबर 2021 रोजी आली. त्या वर्षी ती घेणे ही हौस होती. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबल्याने आता ती निकड झाली आहे. व्यवसायास सशुल्क मुदतवाढ मिळते, तीही कमाल तीन वर्षे.

तथापि बदल करावा कोणत्या दिवशी? चोपडापूजनात आता संगणकालाही कुंकू लागते. साहजिकच वीर निर्वाण संवताच्या प्रारंभीच नवी प्रणाली सुरू करण्याचा मोह होतो. परंतु वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारांत सोयाबीनची आवक तेव्हाच भरात असते. काट्यावर गाड्या उभ्या आणि बिलाचा प्रिंटर नव्या प्रणालीशी जुळेना, असे झाल्यास शेतकरी शेजारच्या अडत्याकडे जातो. पूजा मुहूर्तावर करावी. बदल मात्र आवक ओसरल्यावर, जीएसटी विवरणाची 20 तारीख उलटल्यानंतरच्या रविवारी.

तत्पूर्वी संगणकात टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आहे का, हे पाहावे; नसल्यास नवा संगणकच घ्यावा लागेल. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून ताळेबंद जुळवावा. (बॅकअप घेतला म्हणजे झाले, असे मानणारेच अधिक!) डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही तपासावे. पेढीवर दोन संगणक असल्यास हिशेबाचा शेवटी बदलावा.