एकच गाणे, दहा तबकड्या

बंगळूर शहराच्या दक्षिणेकडील बनशंकरी ही वसाहत तेथील देवीच्या नावाने ओळखली जाते. देवीचे मंदिर १९१५ साली उभे राहिले आणि राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवा लावून नवस बोलणाऱ्या स्त्रियांची तेथे आजही गर्दी असते. या वसाहतीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला एखादा मराठी गृहस्थ राहतो, अशी कल्पना करावी. त्याच्या बैठकीच्या खोलीतील एका मांडणीवर पुस्तकांऐवजी तबकड्या उभ्या आहेत आणि त्यांपैकी बारा-पंधरा तबकड्यांवर एकाच गाण्याचे नाव छापलेले आहे. पाहुणा ते पाहतो आणि गोंधळतो. एक गाणे एकदा विकत घेतले की झाले. तेच पुन्हा पुन्हा विकत घेणारा मनुष्य विसरभोळा तरी असावा किंवा त्याच्याजवळ पैसा जास्त झालेला असावा, असे त्याला वाटते. गृहस्थाची पत्नी तर हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वीच विचारून थकलेली असते.

हा छंद समजण्यासाठी प्रथम रीमिक्स म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. कारण आपल्याकडे या शब्दाला विनाकारण वाईट वास चिकटला आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जुन्या हिंदी चित्रपटगीतांना नवा ठेका जोडून, नवख्या गायिकेकडून ती पुन्हा गाऊन घेऊन, बाजारात आणण्याची लाट आली होती. त्या गाण्यांना रीमिक्स म्हटले गेले. वस्तुतः त्यांतील बहुतेक गाणी म्हणजे निव्वळ नवी ध्वनिमुद्रणे होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील बावन्नाव्या कलमात अशा नव्या मुद्रणास दोन वर्षांच्या मुदतीनंतर मुभा होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांवर नेली आणि नियमही कडक केले. मूळ गाण्याचा एक कणही त्या तबकड्यांत नसे. खऱ्या रीमिक्समध्ये याच्या अगदी उलट असते. तेथे मूळ ध्वनिमुद्रणच हाती घेतात, त्यातील स्वर आणि वाद्ये सुटी करतात व त्यांची मांडणी पुन्हा करतात.

सुटी करतात म्हणजे कशी? बालगंधर्वांच्या काळी गायक, ऑर्गन, सारंगी आणि तबला यांचे नाद एकाच वेळी मेणाच्या तबकडीवर कोरले जात. जे कोरले गेले ते कोरले गेले. भाजी शिजल्यावर तिच्यातील मीठ बाजूला काढता येत नाही, तसे त्यातून सारंगी वेगळी काढणे अशक्य होते. पुढे चुंबकीय फीत आली आणि तिच्यावर समांतर अशा आठ, सोळा, चोवीस पट्ट्या करता येऊ लागल्या. एका पट्टीवर केवळ गळा, दुसऱ्या पट्टीवर केवळ नगारा. आता भाजी शिजण्यापूर्वीची वांगी, कांदा, मसाला वेगवेगळ्या वाट्यांत समोर आहेत. ज्याला जशी हवी तशी त्याने करावी. जमैका बेटावर १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गाण्यातून गळा काढून टाकून केवळ ताल आणि खर्जाची बाजू तबकडीच्या पाठीवर छापण्याची प्रथा पडली. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेल्या, मुळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या, कारागिराने तिला कलेचे रूप दिले. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन याने नाचणाऱ्यांसाठी तीन मिनिटांची गाणी सहा-सात मिनिटांची करावयास सुरुवात केली.

मोल्टनचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्याला एकदा नमुन्याची प्रत कापून घेताना सात इंची कोरी तबकडी शिल्लक नव्हती, म्हणून तंत्रज्ञाने दहा इंची तबकडी घेतली. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर छोटे गाणे दाटीवाटीने कशाला बसवावयाचे, म्हणून खाचा दूर दूर कापल्या. ऐकतात तो आवाज मोठा आणि खर्ज भरदार! याचे कारण सोपे आहे. खर्जाच्या स्वराला खाच अधिक वळवावी लागते. दोन खाचांमध्ये जागा नसेल तर ती वळणे एकमेकींत घुसतील, म्हणून छोट्या तबकडीवर खर्ज दाबून ठेवावा लागतो. जागा मिळाली की तो मोकळा होतो. या अपघातातून बारा इंची एकगीती तबकडी जन्मली आणि १९७६ मध्ये ती दुकानांत विक्रीस आली.

विद्युत्-वाद्यांवर संगीत रचणाऱ्या वाद्यवृंदांना हे नवे माप फारच मानवले. त्यांचे सर्व नाद यंत्रातून निघणारे, तेव्हा त्यांची मोडतोड आणि पुनर्रचना हा त्यांच्या कामाचाच भाग होता. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी १९७० मध्ये स्थापन झालेल्या क्राफ्टवेर्क या वृंदाने १९८१ मध्ये खिशातील गणकयंत्रावर एक गीत केले आणि ते जर्मन, इंग्रजी, फ्रेंच व जपानी अशा चार भाषांत गायिले. एक चाल, चार तबकड्या. संग्राहकाला आणखी काय हवे? ब्रिटनमधील न्यू ऑर्डर या वृंदाचे १९८३ मधील ‘ब्लू मंडे’ हे साडेसात मिनिटांचे गीत तर बारा इंची तबकडी म्हणूनच निघाले. त्याचे वेष्टन त्या वेळच्या संगणकाच्या चकतीसारखे कापलेले होते आणि त्यावर वृंदाचे नाव अक्षरांत नसून रंगांच्या सांकेतिक पट्ट्यांत होते.

परंतु बनशंकरीच्या गृहस्थाचा जीव जडला आहे तो डिपेश मोड या वृंदावर, आणि त्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बॅसिल्डन गावच्या चार तरुणांनी १९८० मध्ये स्थापन केलेला हा वृंद. त्यांच्या एकेका गीताच्या साध्या तबकडीबरोबर आणखी एक मर्यादित प्रतींची तबकडी निघे आणि तिचा अनुक्रमांकही वेगळा असे. १९८४ च्या अशाच एका तबकडीसाठी त्यांनी एड्रियन शेरवूड या जमैकन पद्धतीच्या मिश्रणकाराला आपले गीत सोपवले. त्याने त्याचे असे तुकडे केले की कारखान्यातील पत्रे आपटल्याचा भास व्हावा.

या साऱ्यांत मराठी माणसाने मुद्दाम कान द्यावा अशी एक तबकडी आहे. १९९० च्या फेब्रुवारीत या वृंदाचे ‘एन्जॉय द सायलेन्स’ हे गीत निघाले आणि जगभर नाचाच्या ठेक्यावर वाजले. त्याच्या मर्यादित प्रतींच्या तबकडीवर त्याच गीताचे एक वेगळे रूप आहे. त्यात ठेका नाही, गर्जना नाही. गीतकार मार्टिन गोर हार्मोनियमच्या सुरावर, अगदी संथपणे, स्वतः ते गातो. होय, आपली पेटी! गोरने हे गीत प्रथम असेच, विलंबित चालीत बांधले होते. त्याला वेग द्यावा असे त्यांच्यातील अॅलन वाइल्डर याला सुचले, आणि प्रथम गोरला ती कल्पना मुळीच रुचली नव्हती. ज्याच्याजवळ केवळ प्रसिद्ध तबकडी आहे त्याला हे नाचाचे गाणे वाटते. ज्याने दुसरी मिळवली त्याला कळते की आतून हे एकट्या माणसाने मिटल्या डोळ्यांनी म्हणावयाचे गाणे होते. त्याच गीताचे तिसरे, पंधरा मिनिटांहून लांब रूपही आणखी एका तबकडीवर आहे. तिन्ही ओळीने ऐकली म्हणजे एका रचनेची कार्यशाळा उघडी पडते: कोणते स्वर ठेवले, काय टाकून दिले, कोणाचे म्हणणे मान्य झाले. ख्यालगायनात एकाच बंदिशीचे दोन गवयांचे गायन आपण शेजारी ठेवून ऐकतो, तो आनंद याच्या जवळचा आहे. फरक इतकाच की येथे वृंद तोच राहतो आणि भोवतालचे जग बदलते.

आता हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की अशा मिश्रणांपैकी निम्मी तरी केवळ धंद्यासाठी निघाली. खपाच्या क्रमवारीत गीत वर चढावे म्हणून कंपन्या एकच गीत चार प्रकारांत काढीत आणि भाबडा चाहता चारही घेई. पुढे ब्रिटनमधील क्रमवारी ठरवणाऱ्यांना किती प्रकारांची विक्री धरावी यावरच मर्यादा घालावी लागली. दहा मिनिटे एकच ठेका कुटणाऱ्या तबकडीला दुर्मिळ म्हणून दाम मोजणे हे टपाल-तिकीट जमवणाऱ्याच्या वेडापेक्षा वेगळे नाही. ज्या तबकड्या विक्रीसाठी नव्हत्याच, नभोवाणीकडे व नृत्यगृहांतील वादकांकडे नमुन्यादाखल गेल्या, त्यांची किंमत सर्वांत जास्त असते. त्यांतही कान देण्याजोग्या थोड्याच.

दुर्मिळता ओळखावयाची कशी? वेष्टनावरून नव्हे, कारण वेष्टन पुन्हा छापता येते. खाचा संपून मधली चिठ्ठी सुरू होण्यापूर्वी जी गुळगुळीत कड असते, तिच्यावर साच्याचा क्रमांक उमटलेला असतो. कित्येकदा कापणाऱ्या कारागिराने सुईने आपली सही किंवा एखादा विनोदही कोरलेला असतो. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून ती अक्षरे वाचणारा मनुष्य दिसला की तो गिऱ्हाईक नव्हे, संग्राहक आहे, असे विक्रेत्याने समजावे आणि भाव वाढवावा!

भारतातील संग्राहकाची अडचण निराळी. १९९१ पूर्वी परदेशी माल सहजासहजी आत येत नसे. डमडमच्या कारखान्यात परवान्याने जेवढ्या परदेशी तबकड्या छापल्या जात तेवढ्याच मिळत, आणि मर्यादित प्रती त्यांत कोठून असणार? आतेभाऊ लंडनहून येईल तेव्हा आणील, एवढीच आशा. मात्र याच परिस्थितीने एक चमत्कार केला. इंग्लंडात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी बंद झाल्यावरही आपल्याकडे चावीचे फोनो खेडोपाडी चालू होते, म्हणून बीटल्स या वृंदाची गाणी येथे त्या जुन्या मापात छापली गेली. आज त्या लाखेच्या तबकड्यांसाठी पाश्चात्त्य संग्राहक भारताकडे डोळे लावून असतात.

आणि विद्युत्-संगीतातील सर्वांत नवलाची तबकडी तर मुंबईतच झाली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी जपानी बनावटीची तीन यंत्रे जोडून १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी केली. भैरव, ललत, भूप, यमन, मालकंस हे त्यांतील काही. एच. एम. व्ही.ने ती काढली आणि ती खपली नाही. शिकागो शहरात त्याच यंत्रांतील एकाच्या नादावर उभे राहिलेले, १९८७ पासून जगभर गाजलेले नृत्यसंगीत या तबकडीशी विलक्षण जुळते. पण त्या वेळी कोणाला त्याचा पत्ता नव्हता. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत सापडली. त्याने चरणजित सिंगांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा काढली. उतारवयातील त्या वादकाला युरोपातील रंगमंचांवर आपले राग वाजवता आले. २०१५ मध्ये ते वारले. जुन्या तबकड्यांच्या ढिगात हात घालणारा एक मनुष्य त्या दिवशी दिल्लीत नसता, तर हे सारे झाले असते काय?

म्हणून बनशंकरीचा गृहस्थ रविवारी सकाळी मेट्रोत बसतो. २०१७ पासून ती बनशंकरीहून जयनगर, लालबाग करीत थेट चिकपेटला नेते. तेथील रविवारच्या बाजारात पितळी भांडी, मोडके पंखे आणि घड्याळे यांच्या ढिगांत कधी तबकड्याही निघतात. बहुतेक वेळा कन्नड भक्तिगीते आणि हिंदी चित्रपट. डिपेश मोड जवळजवळ कधीच नाही. ते परदेशातून टपालाने मागवावे लागते, आणि जकातीचा आकडा घरात सांगावयाचा की नाही हा प्रश्न उरतो. पण चिकपेटची चक्कर तो चुकवीत नाही.

घरी आल्यावर तबकडी उर्ध्वपातित पाण्याने व मऊ कापडाने पुसावयाची. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावावयाचे नाही, ती विरघळते. तबकड्या आडव्या रचावयाच्या नाहीत, वजनाने वाकतात. बंगळूरची हवा या कामी मुंबईपेक्षा दयाळू आहे, तरी पावसाळ्यात वेष्टनाला बुरशी धरतेच.

खरी काळजी वेगळी आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या याद्या करण्याचे मोलाचे काम केले. पण घरोघरच्या संग्रहांचे भवितव्य घरच्यांच्या हाती असते. मालकाच्या मागे मुले रद्दीवाल्याला बोलावतात, आणि तो पेटीवाली तबकडी आणि ठेका कुटणारी तबकडी एकाच भावाने किलोवर घेतो. म्हणून शहाणा संग्राहक वही ठेवतो. कड्यावरचा क्रमांक, छापल्याचे साल, मोजलेले पैसे, आणि शेवटच्या रकान्यात, ही तबकडी नेहमीच्या तबकडीहून कोठे निराळी आहे ते, कोणालाही कळेल अशा साध्या मराठीत: ‘यात ठेका नाही. फक्त पेटी आणि गळा. आधी ही ऐकावी.’