‘पी’वर उभी केलेली गाडी घरंगळली, तर दोष कोणाचा?

१९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अँटोन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता आपल्याच घराच्या उतारावर मृतावस्थेत सापडला. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांत चेकॉव्हची भूमिका करणारा हाच तो. त्याची जीप ग्रँड चेरोकी मागे घरंगळत आली आणि तो गाडी व विटांच्या खांबामध्ये चिरडला गेला. कंपनीने दोनच महिने आधी जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ही गाडी त्यांपैकीच एक होती, पण तिची दुरुस्ती झालेली नव्हती.

त्या गाड्यांमध्ये काहीही तुटत नव्हते. घोटाळा गिअरच्या दांड्यात होता. साध्या ऑटोमॅटिक गाडीत दांडा ‘पी’वर नेला की तिथेच राहतो आणि हाताला ते कळते. या गाड्यांत मात्र दांडा प्रत्येक वेळी परत मध्ये यायचा. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे ते फक्त दिव्यावरून समजायचे. ‘पी’ पडला असे समजून लोक इंजिन चालू ठेवून उतरत आणि गाडी चालू लागे. सुरुवातीला सगळ्यांना ही चालकाची चूक वाटली. तक्रारी साचत गेल्या तेव्हा रचनेकडे बोट गेले.

महागड्या एसयूव्हीशी आपला काय संबंध, असे काही वाचक विचारतील. पण या गाड्यांचे स्टिअरिंग अनेकदा मालकाच्या हातात नसतेच. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले पगारी ड्रायव्हर आहेत, हॉटेलांच्या दारात गाड्या लावतात, गॅरेजमध्ये राबतात. आणि आता नोकरी-धंद्यात जम बसलेले काही जण आठ-दहा वर्षे जुनी, निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी आलिशान एसयूव्ही घेतात. जयंतीच्या मिरवणुकीत अशा गाड्या माणसांच्या गर्दीतून इंचाइंचाने सरकत असतात.

म्हणून ‘पी’ म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून, फोर-व्हील गाडीत ट्रान्सफर केसमधून, लांब प्रोपेलर शाफ्टने डिफरन्शियलपर्यंत आणि तिथून दोन बाजूंच्या शाफ्टने चाकांपर्यंत जाते. ‘पी’ टाकला की गिअरबॉक्सच्या आत एक छोटा लोखंडी आकडा दातेरी चक्रात अडकतो. बस, एवढेच. चाकाला तो थेट धरत नाही, मधल्या साखळीमार्फत धरतो. साखळीची एक कडी तुटली, की दोन-सव्वादोन टनांची गाडी मोकळी. हँडब्रेकचे तसे नाही. तो चाकालाच धरतो.

२०२२मध्ये फोर्डने अमेरिकेत २०२० ते २०२२च्या सुमारे २ लाख ५२ हजार एक्स्प्लोरर गाड्या परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणाने. मागच्या एक्सलचे हौसिंग धरणारा एक बोल्ट तुटू शकत होता. तो तुटला की हौसिंग जागचे हलते, शाफ्ट निसटतात आणि ‘पी’वरची गाडीही घरंगळू शकते. कंपनीचा पहिला इलाज काय होता? ‘पी’ टाकल्यावर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपोआप लागेल असे सॉफ्टवेअर! बोल्ट तसाच. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने या इलाजाचीच चौकशी सुरू केली, तेव्हा ऑक्टोबर २०२३मध्ये सुमारे २ लाख ३८ हजार गाड्या पुन्हा बोलावल्या गेल्या. या वेळी बोल्ट बदलून देण्यासाठी.

धावत्या गाडीत शाफ्ट तुटला तर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. पायातला ब्रेक लागतो, स्टिअरिंगही वळते, त्यामुळे घाबरून इंजिन बंद करू नये. इंडिकेटर देऊन कडेला यावे. घाटाच्या उतारावर मात्र धोका मोठा, कारण गिअरने गाडी रोखण्याची सोय संपलेली असते. हे अचानक होते असेही नाही. ‘डी’वरून ‘आर’वर टाकताना ठक्क आवाज, ठरावीक वेगाला थरथर, खालून गुणगुण, पार्किंगमध्ये तेलाचा डाग, ही लक्षणे आधी दिसतात. जुन्या फोर-व्हील गाडीचे चारही टायर सारखे झिजलेले आहेत का, ते पाहावे. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील, तर ट्रान्सफर केसने मार खाल्लेला असू शकतो. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रिकॉल बाकी आहे का ते विचारावे. दलाल हे सांगत नाही.

उभी करताना ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक, मग ‘पी’. ट्रकचा क्लीनर उतारावर चाकाखाली दगड सरकवतो, त्याला आपण हसतो. त्याला हे सगळे केव्हाच कळलेले आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आले. १ एप्रिल २०२१पासून केंद्र सरकार सदोष गाड्या परत घ्यायला लावू शकते. दुरुस्ती, बदली गाडी किंवा किंमत परत, शिवाय दंड. दोषामुळे कोणाला इजा होऊ शकते, हे सांगताना कायद्याने प्रवाशांबरोबर चालकाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. पण ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार करायची मालकाने, आणि नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. म्हणजे पगारी ड्रायव्हर आणि जुनी गाडी घेणारा, आपले दोन्ही गट काठावरच राहतात. उलट अपघातात कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली हलगर्जीपणाचा गुन्हा पहिल्यांदा नोंदवला जातो तो स्टिअरिंगवरच्या माणसावर. गाडीच्या पोटातला बोल्ट तपासायची घाई कोणालाच नसते.

म्हणून ड्रायव्हर मित्रांनी आवाज, थरथर, घसरण जाणवली की त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून कळवावे. तोंडी सांगितलेले कोर्टात उरत नाही. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. अपघात झालाच, तर गाडी गॅरेजमध्ये खोलण्याआधी आरटीओच्या निरीक्षकाकडून यांत्रिक तपासणी व्हावी असा लेखी अर्ज पोलिस ठाण्यात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.