हुकूम कोणाचा चालायचा?

3 ऑगस्ट 2016. तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळलं. आतले तीनशेही जण वाचले. पण सुमारे नऊ मिनिटांनी इंधनटाकीचा स्फोट झाला आणि विमानतळाचा एक अग्निशामक जवान दगावला.

अग्निशमनाबाबत 2020 च्या अंतिम चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते घटनास्थळाचा अंदाज घेण्याच्या प्रशिक्षणातल्या उणिवांवर.

अशा वेळी सूत्रं एकाच घटनाप्रमुखाकडे हवीत. आग कोण विझवणार, धोक्याच्या कक्षेत कोण जाणार, हे तो ठरवतो. वैद्यकीय प्रमुख त्याच्या हाताखाली, सुरक्षित अंतरावर जखमींची वर्गवारी करतो: लाल पट्टी आधी, पिवळी नंतर, हिरवी शेवटी. जोरात ओरडणारा जखमी बहुधा थांबू शकतो. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं!

अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी 998, आगीसाठी 997.