आतल्या रिंगणातून रंगमंचाकडे : कोकणची जाखडी

जाखडी हा रत्नागिरी जिल्ह्यातला रिंगणाचा नाच. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता आरे-वारेच्या जोड किनाऱ्यांवरून उतरतो, तेव्हा पर्यटकाची नजर समुद्रावर असते. जाखडी मात्र रस्त्याच्या वरच्या अंगाला, वाड्यांतल्या अंगणांत नाचली जाते. मुंबईत या नाचाला ‘बाल्या नाच’ म्हणतात. पोटासाठी मुंबईत गेलेले कोकणी गडी कानात बाळी घालत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. शहराने गड्याला हिणवण्यासाठी वापरलेला शब्द त्याच्या कलेलाही चिकटला, आणि पुढे कलावंतांनीच तो अभिमानाने फलकावर लिहिला.

नाचाचा काळ शेतीने ठरवून दिला आहे. भातलावणी उरकलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. मधल्या मोकळ्या दिवसांत गौरी-गणपती येतात आणि चाकरमानी गावी परततात. नाचणारे बहुतेक शेतकरी, त्यांत कुणबी समाजाचा वाटा मोठा. मध्यभागी शाहीर, झीलकरी, ढोलकी किंवा मृदंग वाजवणारा आणि झांजकरी बसतात. पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल धरतात. कमरेत वाकून पाऊल आत टाकायचे, ठेका धरून बाहेर यायचे, गिरकी घ्यायची. गाण्याची लय चढते तसे रिंगणही वेग घेते. चाळांचा आवाज हे इथे वेगळे वाद्यच आहे. एकाचे पाऊल चुकले तर डोळ्यांआधी कानाला कळते.

जाखडीला शक्ती-तुरा असेही म्हणतात, कारण तिच्या पोटात एक जुना वाद आहे. शाहिरी परंपरेत कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. कोकणात हा वाद शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या सामन्यात उतरला. आधी गण, मग गौळण, आणि त्यानंतर खरी लढत : एका शाहिराने पुराणातला कोडे घालणारा सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याला गाण्यातून जवाब द्यायचा. शाहिराला आपल्या गुरूचे घराणे असते. पूर्वी शास्त्रपुराणाचा अभ्यास जास्त तोलला जाई. आता टोमण्यांना टाळ्या अधिक पडतात. जाणत्या श्रोत्यांना हे खटकते, आणि ते रास्तही आहे. सवालात दम नसेल तर नुसत्या चढाओढीने रात्र निभत नाही.

मुंबईने या नाचाला तिकीट आणि रंगमंच दिला. गिरणगावात, परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी, शक्ती-तुऱ्याचे आणि नमन या कोकणी लोकनाट्याचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले. तिथे एक अडचण उभी राहिली. अंगणात प्रेक्षक चहूबाजूंनी बसतो, म्हणून रिंगण आत तोंड करून नाचले तरी चालते. नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला. त्याला अर्ध्या नाच्यांच्या पाठीच दिसणार. मग रिंगण अर्धगोल झाले, ओळी आल्या, गायक मध्यातून बाजूला किंवा मागे सरकला. पोशाख एकसारखे आणि चकचकीत झाले. बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले, आणि चित्रपटगीतांच्या चालींवर गण बांधले जाऊ लागले. जाखडीतला सर्वांत मोठा बदल वाद्यांचा नसून हा तोंड फिरवण्याचा आहे. गायकाकडे पाहून नाचणारा नाचा प्रेक्षकाकडे पाहून नाचू लागला.

हेच वळण इजिप्तमध्ये एका माणसाने जाणीवपूर्वक घेतले. महमूद रेदा हा 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेला जिम्नॅस्ट. 1959 मध्ये कैरोत त्याने रेदा नृत्यपथक उभे केले आणि 1961 मध्ये ते सरकारी झाले. त्याने देशभर फिरून गावोगावचे नाच पाहिले : वरच्या इजिप्तमधला काठ्यांचा तहतीब, न्यूबियातले नाच, बंदरांवरच्या नावाड्यांचा सिमसिमिया या तंतुवाद्यावरचा नाच. ते जसेच्या तसे न उचलता त्याने त्यांवरून नवी पावले रचली. अली इस्माईलचे वाद्यवृंदाचे संगीत आणि फरीदा फहमीचे नृत्य यांमुळे हे पथक चित्रपटांतूनही घराघरांत पोहोचले. पुढच्या पिढीने त्याहून मोकळी वाट धरली. करीमा मन्सूर यांनी 2012 मध्ये कैरोत समकालीन नृत्याचे शिक्षण देणारे केंद्र काढले. ज्या तहतीबवरून रेदाने नाच बसवले, त्याची नोंद 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली.

महाराष्ट्रात रेदाच्या सर्वांत जवळ जाणारे काम शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने केले. वासुदेव, गोंधळ, कोळीनृत्य असे निरनिराळे प्रकार एका रात्रीत, एका रंगमंचावर बसवून दाखवण्याची ती पद्धत होती. जाखडीला मात्र असा एकच रचनाकार मिळालेला नाही. तिच्यात नवे पाऊल घालतो तो एखाद्या वाडीचा नाच मंडळातला पोरगा, आणि ते पाऊल पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीने उचलले तर टिकते, नाहीतर विरते. पुरुषांच्या या मैदानात आता स्त्री शाहीरही उतरल्या आहेत. शिमग्यातल्या नमन-खेळ्यांतही स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाच्या जागी अनेक ठिकाणी मुली नाचताना दिसतात. नमनातल्या संकासुर या पात्राचा काळा वेष आणि उंच टोपी मात्र बहुतेक जुनीच आहे.

आरे-वारेला गर्दी होते ती दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत. तेव्हा जाखडी नसते. ती पाहायची तर भाद्रपदात, पाऊस अंगावर घेत, गौरी-गणपतीच्या दिवसांत जावे. आरती आणि जेवणे उरकल्यावर ढोलकीचा आवाज येईल त्या वाडीकडे वळावे, आणि जागा निवडता आली तर गोलाच्या अगदी जवळ बसावे.