घोडेवाल्याच्या वाटेनं कोकण

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या मुख्य रस्त्याला इथले लोक अजून ‘मुंबई हायवे’च म्हणतात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग नऊ, आताचा पासष्ट. तो पुण्यात सुरू होतो आणि मच्छलीपट्टणला संपतो, म्हणजे त्याचं पूर्वेकडचं टोक समुद्राशीच आहे. इथल्या तेलुगू शेजाऱ्यांना सुटीत समुद्र हवा झाला की ते त्या बाजूला, फार तर बापटल्याजवळच्या सूर्यलंकेला जातात. लातूर-नांदेड-सोलापूरकडून येऊन इथं स्थिरावलेली मराठी घरं मात्र जवळचा समुद्र सोडून हटकून पश्चिमेला गाडी वळवतात. कोकण म्हणजे कोकण!

या सहलींचे आराखडे मी हौसेनं करून देतो. बहुतेकांना अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली आणि गोवा एका दमात हवं असतं. मी त्यांना आधी एका रशियन घोडेवाल्याची गोष्ट सांगतो, कारण दख्खनच्या पठारावरून कोकणात जाण्या-येण्याची वाट लिहून ठेवणारा त्याच्याइतका मजेशीर माणूस मला दुसरा सापडलेला नाही.

त्याचं नाव अफानासी निकितिन, गाव त्वेर. व्होल्गेवरून माल घेऊन निघाला आणि अस्त्राखानजवळ लुटला गेला. मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकंही गेली. कर्ज डोक्यावर, परतायची सोय नाही; तेव्हा इराणमार्गे होर्मुझला पोचला आणि तिथून एक घोडा घेऊन जहाजानं चौलला उतरला. दख्खनमध्ये घोड्याला सोन्याचा भाव येतो, एवढं त्याच्या कानावर होतं. चौलला त्याचं पहिलं निरीक्षण असं, की इथले लोक जवळजवळ उघडेच वावरतात आणि गोरा माणूस दिसला की घोळक्यानं मागं लागतात.

चौलहून तो पालीवरून जुन्नरला चढला. हे पाली म्हणजे आपल्या बल्लाळेश्वराचंच असावं. वाट पाहिली तर दुसरं पटत नाही. जुन्नरला पावसाळ्यात अडकला आणि तिथला अंमलदार असदखान याच्या डोळ्यांत घोडा भरला. हा मुसलमान नाही हे कळताच त्यानं घोडा जप्त केला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेलाच आणि दंडही हजार मोहरांचा. विचार करायला चार दिवस. शेवटी ख्वाजा महंमद नावाचा एक खुरासानी मध्ये पडला आणि घोडा, धर्म दोन्ही वाचले. भारतात व्यापाराला यायचं तर धर्म मायदेशी ठेवून या, असा कडवट सल्ला निकितिननं पुढं आपल्या देशबांधवांना दिला आहे.

त्यानंतर तो बीदरला आला. बहमनींची ही राजधानी कुकटपल्लीहून झहीराबादमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. घोडा तिथं विकला, पण तोवर त्याच्या चाऱ्यापाण्यात बराच पैसा गेला होता. आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विकायला येतात, अशी नोंद त्यानं केली आहे. हे आळंद आपल्या उमरग्याच्या खाली, आता कर्नाटकात.

निकितिन भारतात नेमका केव्हा होता, यावरून रशियन अभ्यासकांत चांगलंच वाजलं आहे. जुना हिशेब सांगतो, सगळा प्रवास १४६६ ते १४७२. लिओनिद सेम्योनोव्हनं तो पुढं ढकलला आणि भारतातला मुक्काम १४७१ ते १४७४ ठरवला. भांडणाचं मूळ त्या लुटलेल्या पुस्तकांत आहे. ती नसल्यानं ईस्टर कधी हे त्याला कळेना. तो मुसलमानांच्या सणांवरून अंदाज बांधत राहिला आणि अभ्यासक आता त्या अंदाजांवरून वर्षं काढतात. मी सेम्योनोव्हच्या बाजूचा. ‘मलिक-उत-तुज्जार’नं समुद्रात लूटमार करणारी शहरं जिंकल्याची बातमी निकितिन देतो. हा मलिक म्हणजे वजीर महमूद गवान. त्याची कोकणची मोहीम १४७२ मध्ये गोवा घेऊन संपली आणि बीदरचा त्याचा मदरसाही त्याच वर्षीचा. त्या निळ्या फरशांच्या मिनारासमोर उभं राहिलं की कोकणचा पैसा पठारावर कुठं मुरला ते दिसतं.

परतीला निकितिन दाभोळला उतरला. बीदरहून एक महिन्याची वाट, असं तो लिहितो. दोन मोहरा भाडं देऊन त्यानं जहाज धरलं. घरी मात्र पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची टिपणं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिनला एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. १८५७ मध्ये हक्लुइत सोसायटीनं ती इंग्रजीत आणली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, तो १९५७ साली. चौलशेजारच्या रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

माझा आराखडा यावरूनच बेतलेला. पहिला मुक्काम बीदर. मग हुमनाबाद, सोलापूर, पुणे, खोपोली-पालीवरून रेवदंडा. तिथून किनाऱ्यानं दक्षिणेला: मुरूड, आगरदांडा-दिघी, श्रीवर्धन, बागमांडला-वेशवी, हर्णै आणि शेवटी दाभोळ. परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड, पंढरपूर, सोलापूर. गोवा यात नाही. गोव्यासाठी वेगळी रजा काढा.

या पट्ट्यात किलोमीटर मोजून उपयोग नाही, खाड्या मोजाव्या लागतात. कोकणातले जुने मोठे रस्ते बंदरातून घाटाकडे जाणारे, पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिण प्रवास गलबतांचा आणि पुढं आगबोटींचा. किनाऱ्यानं रेवस ते रेडी रस्ता न्यायचा ध्यास बॅरिस्टर अंतुल्यांचा. १९८२ मध्ये त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, रस्ता खाड्यांपाशी तुटत राहिला. ती तूट दाभोळ-धोपावे खाडीवर २००३ पासून भरून काढली ती माजी आमदार डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या फेरीबोटीनं. जेट्टीवर लोखंडी फळी खाली टेकते, गाड्या पुष्कळदा मागं घेत चढवाव्या लागतात, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. रस्त्यानं चिपळूणला वळसा घालण्यात जाणारे तास इथं काही मिनिटांवर येतात. म्हणून आराखड्यात आधी फेरीबोटीच्या वेळा लिहा, हॉटेलं नंतर. शेवटची बोट चुकली की सगळं गणित कोलमडतं. पावसाळ्यात आणि वादळी हवेत तर जेट्टीवर फोन करूनच निघा.

दाभोळ म्हटलं की आता लोकांना एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो. तो प्रकल्प खरं तर पलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज अल्मेदानं जाळलं ते बंदर मात्र अलीकडचं, हेच. तिथली आदिलशाही मशीद पाहायला तासभर हाताशी ठेवा.

या रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम आता रस्ते विकास महामंडळाकडे आहे आणि मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायलाच हवेत. अडल्या बाळंतिणीला खाडीचं सौंदर्य काय कामाचं? पण पूल झाले तरी सरकारनं या बोटी बंद पडू देऊ नयेत. तोवर तुम्ही जाऊन या, आणि निघताना झहीराबादला उजवीकडे वळून बीदर पाहायला विसरू नका.